विजापूर, गंडिकोटा आणि गिताबाई

गिताबाईंना छप्पन्न वर्षांत "तुम्हाला कुठं जायचंय?" असं एस.टी.च्या कंडक्टरशिवाय कुणी विचारलं नव्हतं, आणि कंडक्टरलाही परस्पर उत्तर द्यायचे ते जालिंदर. जालिंदर म्हणजे गिताबाईंचे यजमान. चौतीस वर्षं दौंडच्या आसपास रुळांची देखभाल करून ते निवृत्त झाले, तेव्हा रेल्वेनं त्यांना एक शाल दिली आणि त्यांचे कान ठेवून घेतले. तेव्हापासून गिताबाईंना घरात जे काही बोलायचं ते शेजारच्या तीन घरांना ऐकवूनच बोलावं लागे. भाजीत मीठ कमी पडल्याची बातमी आधी पारावर पोचायची, मग जालिंदरांपर्यंत.

अशा या बाईंना एका आठवड्यात गावातल्या दोन मोठ्या माणसांनी घरी येऊन, चपला काढून, आदबीनं विचारलं, "कुठं जायचंय?" गिताबाई घाबरल्या त्या उगीच नाही.

त्याचं झालं असं. शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अंगाला, काळाओढा नावाचं एक गाव आहे. गाव लहान, ऊस आणि कांदा मोठा, आणि राजकारण सगळ्यात मोठं. शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणाऱ्या तिथल्या विकास सोसायटीत तेरा संचालक. बायकांच्या दोन जागांपैकी एका जागेवरून पाच वर्षांपूर्वी गावातल्या दोन गटांची इतकी हमरीतुमरी झाली की शेवटी "कुणाचीच नसलेली बाई शोधा" असं ठरलं. गावात सगळेच कुणाचे तरी होते, एक गिताबाई सोडून. त्यांची गेली पाच वर्षं अशी गेली, या निवडणुकीतही त्याच बिनविरोध आल्या. फरक इतकाच, की या वेळी बाकीच्या बाराजणांचे बरोब्बर सहा-सहा झाले. एका बाजूला पंधरा वर्षं चेअरमन असलेले जयसिंगआबा आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा सख्खा पुतण्या इंद्रजीत. आपल्याकडं काका-पुतणे एकाच गटात दिसले तर लोक काळजीनं तब्येतीची चौकशी करायला जातात, तेव्हा यात नवल काही नव्हतं. नवल हे होतं, की काळाओढ्याची सत्ता आता गिताबाईंच्या पदराला बांधलेली होती आणि चेअरमनची निवड नऊ दिवसांवर आली होती.

निवडीच्या आधी संचालकांना सहलीला का नेतात, हे जाणत्या माणसाला सांगायला नको. घरी राहिलेला संचालक म्हणजे उघड्यावर ठेवलेला गूळ. म्हणून त्याला उचलायचं, गाडीत घालायचं, लांब न्यायचं, खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या सकाळी ताजातवाना आणून थेट सभेत उतरवायचं. यात लेखी काही नसतं. पण ज्याच्या गाडीत बसला त्याचंच मत, हा नियम लहान पोरालाही पाठ असतो.

पहिले आले जयसिंगआबा. वय चौऱ्याहत्तर, धोतर पांढरंशुभ्र, गुडघे दोन्ही रुसलेले. ओट्यावर टेकता टेकता म्हणाले, "गिताबाई, विजापूर बघितलंस का?"

"आबा, मी अजून दौंडचा पलीकडचा फलाट बघितला न्हाई."

"मग चल तर. गोल घुमट बघू, मुलूखमैदान तोफ बघू. चार दिवसांची सहल हाय. जालिंदरबी येऊ दे संगं, म्हंजी तुला अवघडल्यासारखं व्हायचं न्हाई."

"कोण अवघडलंय?" जालिंदर आतून ओरडले.

गिताबाईंच्या मनात मात्र विजापूर हा शब्द टुणकन उडी मारून बसला. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. चौथीच्या इतिहासात विजापूरचा दरबार होता, आणि तिथून कुणी ना कुणी विडा उचलून मोठ्या फौजेनिशी निघायचं आणि फजिती होऊन परत जायचं. ते विजापूर अजून जागेवर आहे, तिथं टेम्पो ट्रॅव्हलरनं जाता येतं आणि आत शिरताना कुणी अडवत नाही, हे ऐकून त्यांना फार म्हणजे फारच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीत आला. वय अडतीस, गाडी बुलेट, आणि हातात एवढा मोठा मोबाइल की तो धरायला वेगळा माणूस ठेवावा. "काकी, ह्ये बघा." मोबाइलवर एक प्रचंड दरी होती. लाल-तांबड्या दगडांच्या उभ्या भिंती आणि तळाशी हिरवी नदी, आणि वरून घारीसारखा फिरणारा कॅमेरा. "गंडिकोटा. आंध्रात हाय. नदीनं डोंगर चिरलाय नुसता! जायला पंधरा-सोळा तास, पर तिथं मोबाइलला रेंजच न्हाई. निवांत."

रेंज नाही हे तो दरीपेक्षाही कौतुकानं सांगत होता.

गिताबाईंनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तिथं बायकांची सोय काय?"

"काकी, समदा निसर्ग हाय."

"मी निसर्गाचंच विचारतेय, बाबा."

इंद्रजीतनं यावर विचार केलेला नव्हता. त्याच्या गटात सहाही पुरुष होते. तो जरा खाकरला आणि बोलण्याची गाडी विजापूरवर नेली. "आबांनी तुम्हाला विजापूर सांगितलं म्हणं. काकी, मेलेल्या माणसांच्या कबरी बघाया जाणार तुमी?"

हे अर्ध्या तासात आबांना कळलं. त्यांनी निरोप धाडला, "नदीनं जमीन खाल्ली त्यात बघायचं काय? आपली भीमा दर वर्साला खाती, तवा तलाठीबी येत न्हाई बघाया."

तिसऱ्या दिवसापर्यंत गावात दोन तट पडले. सोसायटी बाजूलाच राहिली, पारावर वाद चालू झाला तो जुनं शहर बरं की दरी बरी याचा. जी माणसं कधी दौंडच्या पुढं गेली नव्हती ती घुमटाची उंची सांगत होती. ज्यांना स्वतःच्या विहिरीत वाकून बघताना भोवळ येई ते दरीच्या खोलीवर पैज लावत होते.

गिताबाईंच्या घरात मात्र वाद वेगळा होता. त्यांचं रान दोन एकर, आणि ते अशा मोक्याच्या जागी, की पाण्याची पाइपलाइन यायची जयसिंगआबांच्या रानातून आणि जायची वाट होती इंद्रजीतच्या रानातून. आबा फिरले तर कांदा वाळणार, इंद्रजीत फिरला तर वाळला नाही तरी घरी येणार नाही. दोघांनी असं काही बोलून दाखवलं नव्हतं. चांगली माणसं असलं बोलून दाखवत नाहीत. बांधावर उभी राहतात आणि पाइपाकडं बघत, "पाऊसमान कसंय औंदा?" असं विचारतात.

मुलगी तेजश्री रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायला होती. तिनं कंपनीतल्या सवयीनं वहीत दोन रकाने पाडले. शहर: सावली आहे, जिने आहेत, हॉटेल आहे, बायकांची सोय आहे. दरी: दरी आहे.

"आई, तुला मनापासनं कुठं जायचंय?"

"विजापूरला," गिताबाई पटकन म्हणाल्या आणि लाजल्या.

"आन् मत मनापासनं कुणाला द्यायचंय?"

इथं गिताबाई उठून भाकरीचं पीठ मळायला लागल्या. कारण मत त्यांना इंद्रजीतला द्यायचं होतं. आबा माणूस सोन्यासारखा, पण गेली तीन वर्षं ते सभेत झोपायचे. दचकून जागे झाले की "मंजूर!" म्हणायचे. एकदा सेक्रेटरीनं "चहा कुणी कुणी घेणार?" विचारलं तेव्हाही मंजूर म्हणाले होते आणि ते प्रोसिडिंगात गेलं होतं. खत यायचं ते खुरपणी झाल्यावर. इंद्रजीत आगाऊ होता, पण जागा तरी होता.

आणि मग, भाकरी थापता थापता, गिताबाईंना एकदम सुचलं. सहल एकाची करायची, मत दुसऱ्याला द्यायचं! मतदान चिठ्ठीवर, गुप्त. आबांना चार दिवस सोबत मिळेल, इंद्रजीतला चेअरमनकी मिळेल. दोघांनाही एकेक वस्तू. आईनं दोन पोरांत एक खोबऱ्याची वाटी फोडून द्यावी तितकी ही वाटणी त्यांना सरळ वाटली. त्यात खोट एवढीच होती, की सात-सहा असा निकाल लागल्यावर आबा स्वतःच्याच सहातल्या कुणावर तरी संशय धरणार. ती खोट त्यांनी भाकरीखाली झाकून ठेवली.

"विजापूर," त्यांनी जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत इंद्रजीतची ट्रॉली त्यांच्या वाटेवर आडवी उभी राहिली. "पंक्चर हाय, काकी," तो नम्रपणे म्हणाला, "आता गंडिकोट्यासनं आल्यावरच बघतो." तेजश्रीला स्कूटी बांधावरून ढकलत न्यावी लागली. गिताबाई मनात म्हणाल्या, थांब लेका, निकाल लागल्यावर तुझं तुलाच कळंल.

दोन्ही गाड्या एकाच सकाळी निघाल्या. दौंडपर्यंत एकमेकींच्या मागंपुढं होत्या, आणि आतले सगळे एकमेकांकडं असे बघत होते की जणू सीमेवर चाललेत. आबांच्या गाडीत आबा, त्यांचे पाच संचालक (त्यांत दुसऱ्या राखीव जागेवरच्या बाईही), गिताबाई आणि जालिंदर. गिताबाईंनी धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून घेतल्या होत्या. वाटेत हॉटेलं नाहीत असं नव्हे, पण सहलीला निघालेल्या बाईनं रिकाम्या हातानं गाडीत बसावं हे काळाओढ्याच्या कायद्यात बसत नाही. इंदापूर येईपर्यंत धपाटी संपली आणि "मत पक्कं" असं त्या पाचांनी एकमेकांना डोळ्यांनी सांगितलं. गिताबाई प्रत्येक धपाटं वाढताना खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यात जालिंदर. सोलापूरच्या अलीकडं त्यांनी भर गाडीत, गाडीचं इंजिन बुडवून टाकणाऱ्या आवाजात विचारलं, "अगं, मत कुणाला देणार हाईस?"

पाचही माना वळल्या आणि ड्रायव्हरनंही गाणं बारीक केलं.

"पाणी पिता का?" गिताबाई ओरडल्या.

पुढच्या दीड दिवसात जालिंदरांनी हाच प्रश्न लॉजवर, बाजारात आणि मुलूखमैदान तोफेपुढं विचारला. गिताबाईंना तोफ धड बघताच आली नाही. त्यांच्या शेजारीच एक तोफ होती आणि ती सारखी उडत होती.

गोल घुमट बघायला मंडळी सकाळी लवकर गेली, गर्दी नको म्हणून. सात मजले, चक्राकार अंधारा जिना, पायऱ्या गुडघ्याएवढ्या. आबा "तुम्ही व्हा म्होरं" म्हणत प्रत्येक वळणावर थांबत होते. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा होता. तिथं एका गाइडनं समजावलं, "भिंतीला तोंड लावून अगदी हळू बोला. पलीकडच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू जातो." आणि तो दुसऱ्या पार्टीकडं वळला.

गिताबाईंनी जालिंदरांना हातवारे करून पलीकडं पाठवलं. ते तिकडं जाऊन भिंतीला टेकून बसले, तेव्हा इथून बोराएवढे दिसत होते. पाच संचालक कठड्यापाशी मोबाइल उंच धरून फोटो काढण्यात गुंगले होते. गिताबाईंनी पदर सावरला, भिंतीशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "अवं... ऐकू येतंय का?"

पलीकडचं बोर उडालं. "येतंय!" जालिंदर ओरडले. घुमटानं ते सात-आठ वेळा परत केलं.

"वरडू नका. भिंतीशी बोला."

पलीकडचं बोर भिंतीकडं वळलं. मग भिंतीतून आवाज आला, अगदी कानाशी. "गिते, तुझा आवाज असा हाय व्हय?"

गिताबाईंनी भिंतीला गाल टेकला. दहा वर्षं त्या या माणसाशी फक्त ओरडल्या होत्या. मुलीला ताप आला तेही ओरडून, सासू गेली तेही ओरडून. त्यांनी डोळे पुसले.

"आता तरी सांग," भिंत म्हणाली. "मत कुणाला देणार?"

"इंद्रजीतला," गिताबाई कुजबुजल्या. "सहल आबांची केली, मत त्याला. आबा माणूस लाखाचा, पर थकलं आता. सभेत झोपत्यात. त्यांना कळायचं न्हाई मी दिलं ते. पर मन खातंय हो. धपाटी खाताना आबा सारखं म्हणत हुते, आमची गिताबाई, आमची गिताबाई."

हे बोलून त्यांना हलकं वाटलं. ते साधारण दोन श्वास टिकलं. कारण मग भिंतीतून तिसरा आवाज आला.

"गिताबाई, मी आबा."

गाइडनं अर्धीच गोष्ट सांगितली होती. भिंत गोल होती, ती आवाज एकट्या जालिंदरांकडं थोडीच नेणार? वाटेत जो कुणी तिला टेकलेला असेल त्याला ती तो देत जात होती. आणि जयसिंगआबा सातवा मजला चढून दमून, जिन्याच्या दाराशी भिंतीला पाठ आणि डोकं लावून बसलेले होते.

गिताबाईंच्या डोळ्यांपुढं विजापूर राहिलं नाही. तिथं कांद्याचे वाफे होते, वाळून कोळ झालेले. "आबा," त्या कशाबशा म्हणाल्या, "त्ये..."

"हळू बोल. ह्ये पाचजण ऐकतील." आबांचा आवाज चोरासारखा झाला होता. "म्या झोपतो ते तुला कवापासनं म्हाईत हाय?"

"तीन वर्सं."

"मग बोलली का न्हाईस? अगं, मला तीन वर्सं सुटायचंय ह्यातनं! म्या न्हाई म्हणलो की एकजण पाया पडतो, दुसरा डोळं पुसतो. आबा, तुमच्याबिगर सोसायटी बुडंल. आता म्या झोपेत हाय तरी बुडंना, मंजी माझ्याबिगर चालतीच की न्हाई?"

"मग इंद्रजीतला हाताला धरून बसवायचा."

"बसवलाच असता. पर त्यानं इरोधात प्यानल उभं केलं. पुतण्या म्हणून आला असता तर खुर्ची दिली असती. इरोधक म्हणून आला, मग भांडावंच लागतंय. लोक काय म्हणतील?"

"आबा," मधेच जालिंदरांचा आवाज आला, "पाइपलाइनीचं काय?"

"जालिंदर! तू ऐकतोयस व्हय रं?"

"आज समदं ऐकतोय."

आबा हसले. भिंतीतून ते हसू मांजराच्या घुरघुरण्यासारखं फिरत गेलं. "पाइपलाइन हाय तिथं हाय. मला काय पाइप खायचाय? पर गिताबाई, तू गुपचूप मत दिलं असतंस, तर म्या ह्या पाचातल्या कुणावर तरी संशय धरला असता. तो बिचारा जन्मभर शपथा घालत बसला असता."

"त्येच मनाला खात हुतं, आबा," गिताबाई म्हणाल्या. भाकरीखाली झाकलेली खोट आता उघडी पडली आणि फार सोपी झाली.

"आता एक कर. मत कुणाला देऊच नगं. म्याच त्याचं नाव सुचवतो. तू अनुमोदन दे. गावाला सांगू, आबांनी मोठ्या मनानं खुर्ची सोडली. आन् आत्ता जरा तिकडनं ये, मला उठवाया हात दे. ह्या पाचांस्नी हाक मारली तर दहा हात येतील आन् फोटूबी काढतील."

परतीच्या वाटेवर आबा दौंडपर्यंत गाढ झोपले. पाचजण कौतुकानं म्हणत होते, "बघा, विजयाची खात्री हाय म्हणून झोप लागली."

सभेच्या दिवशी निवड पार पाडायला शिरूरहून अध्यासी अधिकारी आले. इंद्रजीतची गाडी तासभर आधी थेट गंडिकोट्याहून येऊन थडकली होती. सहाजण उतरले ते उन्हानं भाजलेले, डोळे तारवटलेले. चार दिवस मोबाइल बंद, त्यामुळं जगात काय घडलं याचा त्यांना पत्ता नव्हता. बाह्या सरसावून ते आत आले, आणि जयसिंगआबा उभे राहून म्हणाले, "चेअरमनपदासाठी म्या इंद्रजीतचं नाव सुचवतो."

"मी अनुमोदन देते," गिताबाई म्हणाल्या.

पाचांपैकी एकाच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली पडला. पण सगळ्यात वाईट अवस्था झाली इंद्रजीतची. तो पांढरा पडला. "साहेब, दहा मिन्टं द्या," म्हणून आपले पाचही घेऊन तो खताच्या गोदामामागं गेला. तिथं बरीच खलबतं झाली. आत आला आणि आबांपुढं उभा राहिला. "आबा, ह्यात डाव काय हाय?"

"डाव टाकाया जागं ऱ्हावं लागतंय, म्या कवा असतो जागा?" आबा म्हणाले. "घे की लेका मुकाट्यानं. आन् खत येळेवर आण."

बिनविरोध. कुणाचं मत लागलंच नाही. अध्यासी अधिकारी इतके खूश झाले की त्यांनी चहाचा दुसरा कप मागितला.

बाहेर इंद्रजीतनं वाकून आबांच्या पायाला हात लावला आणि मग गिताबाईंच्या. वाटेवरची ट्रॉली अर्ध्या तासात कुणी हात न लावता पंक्चरमुक्त झाली.

"कशी हुती रं दरी?" गिताबाईंनी विचारलं.

"लई खोल, काकी. पर बघायचं राहिलंच." इंद्रजीत ओशाळून म्हणाला. "सहाजण एकमेकांवर नजर ठेवून हुतो, कोण फुटतोय म्हणून. एकजण रेंज शोधत कड्याच्या टोकाला गेला की बाकी पाच त्याच्या मागं. लोकांना वाटलं, काय जीव हाय ह्येंचा एकमेकांवर! तुमचं विजापूर कसं हुतं?"

"ऐकण्यासारखं," गिताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रानात गेल्या तर आबा आपल्या बांधावर चवाळं टाकून बसले होते. ओट्यावर रोज जमणारे पाचजण आज फिरकलेच नव्हते म्हणे, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच आबांनी चहा गरम असताना प्यायला होता. "बरं वाटतंय गं," ते म्हणाले. मग कण्हत कण्हत उठले आणि स्वतःच जाऊन त्यांनी पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवला. पाइप दोनदा खाकरला, वारा बाहेर पडला आणि मग गिताबाईंच्या कांद्याच्या पहिल्या वाफ्यात पाणी आलं.